निर्णय कुणाचा, काम कुणाचे? : मुलींच्या शाळेतील नेतृत्व आणि समाजसेवा या अभ्यासाची प्रस्तावना

शाळेचा वार्षिकांक चाळला की दोन याद्या हमखास दिसतात. पहिली विद्यार्थिनी मंत्रिमंडळाची : शाळानायिका, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री. दुसरी सामाजिक उपक्रमांची : वृक्षारोपण, ग्रामसफाई, प्रभातफेरी, वृद्धाश्रमाला भेट. दोन्ही याद्या वेगवेगळ्या पानांवर छापलेल्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असावा असे वाचणाऱ्याच्या मनातही येत नाही. पण पहिल्या यादीतल्या मुलींनी दुसऱ्या यादीतले किती उपक्रम स्वतः ठरवले? हा प्रश्न विचारला की एक मोठे अभ्यासक्षेत्र उघडते. त्या क्षेत्रात पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकासाठी, मग ती शिक्षिका असो, बी.एड.ची विद्यार्थिनी असो, शाळेची माजी विद्यार्थिनी असो की स्थानिक इतिहासाचा अभ्यासक असो, ही प्रस्तावना आहे.

विवेचनासाठी भंडारा जिल्हा निवडला आहे. वैनगंगेच्या काठचा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके उरले. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाखांच्या घरात होती आणि दर हजार पुरुषांमागे 982 स्त्रिया होत्या. तेव्हा राज्याचे प्रमाण 929 होते. भंडारा शहरात नूतन कन्या, जकातदार कन्या ही शाळांची नावे घरोघरी ठाऊक आहेत. पण इथल्या मुलींच्या शाळांकडे निकालाची टक्केवारी आणि पटसंख्या यांपलीकडे पाहिले जात नाही. मुली शाळेत काय शिकल्या हे गुणपत्रिका सांगते. शाळा चालवण्यात त्यांचा हात किती होता, गावासाठी त्यांनी काय केले आणि ते करताना त्यांचे कुणी ऐकले का, हे सांगणारा कागद शोधावा लागतो.

या विषयाला आपल्याकडे जुना वारसा आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीने वर्गात लिहिलेला मजकूर थेट समाजापुढे गेला आणि त्याने धर्म, जात व राज्यव्यवस्था यांना जाब विचारला. तिने झाडू हाती घेतला नव्हता की पैसा गोळा केला नव्हता. तरी समाजसेवेच्या कोणत्याही व्याख्येत हे काम बसते. किंबहुना ज्या व्याख्येत ते बसत नसेल ती व्याख्याच तपासायला हवी. सेवेची दुसरी परंपरा सावित्रीबाई फुले यांच्या शेवटच्या दिवसांत दिसते. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. एका बाजूला प्रश्न विचारणे, दुसऱ्या बाजूला अंग झिजवणे. या दोन परंपरा पुढे शाळांमध्ये कशा उतरल्या आणि त्यांपैकी कोणती कुठे मागे पडली, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेतील पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण दोन्ही परंपरांना जोडणारे आहे. त्या तिथे शिकल्या, तिथेच काम करू लागल्या, संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या आणि 1918 साली अमेरिकेला गेल्या. शिकलेली स्त्री संस्थेची केवळ लाभार्थी न राहता संस्था उभी करणारी झाली, याचा हा ठळक पुरावा. त्यांच्या आत्मकथनात प्रवास आणि पैशाच्या विवंचना तपशिलाने येतात, म्हणून अभ्यासकाला ते विशेष उपयोगी आहे.

विदर्भाचा धागा थोडा वेगळा आहे. स्वातंत्र्यापूर्वी भंडारा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. याच प्रांतातल्या जबलपूरला 1911 साली भारतातली पहिली गर्ल गाइड कंपनी निघाली. ती युरोपीय मुलींसाठी होती. भारतीय मुलींना दार नंतर उघडले. नागपुरात 1921 साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला आणि प्रसूतीसारख्या विषयाला घराच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढले. त्याच सुमारास जाईबाई चौधरी यांनी नागपुरात दलित मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली. पोटासाठी त्यांनी हमाली केली होती, आणि पुढे त्या स्वतः शाळा काढणाऱ्या झाल्या. जुलै 1942मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण झाले आणि मंडपात हजारो स्त्रिया होत्या. मुलींच्या शाळांचा विचार या सार्वजनिक जीवनापासून तोडून करता येत नाही. शाळेबाहेर बाया सभा चालवत असतील, ठराव मांडत असतील, तर शाळेतल्या मुलीलाही ठराव म्हणजे काय ते समजते.

तिसरा धागा विदर्भातल्याच वर्ध्याचा. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची मांडणी पुढे आली. हाताचे काम हे शिक्षणाचे माध्यम, हे तिचे सूत्र. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या शाळेत मुले आपल्यातूनच मंत्री निवडत आणि सफाई, स्वयंपाक, पाणी यांच्या जबाबदाऱ्या वाटून घेत. काम आणि कारभार हे एकाच हाती असावेत, ही कल्पना तिथे प्रत्यक्ष राबवली गेली. आजच्या शालेय मंत्रिमंडळांचे नाते अशा प्रयोगांशी आहे, पण वाटेत कारभार गळाला आणि मंत्र्यांची नावे तेवढी उरली.

स्वातंत्र्यानंतर योजनांची रांग लागली. 1949मध्ये राष्ट्रीय छात्र सेनेत मुलींचा विभाग आला. 1950मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभव आणि समाजसेवा यांना शिक्षणाचा भाग मानले. 24 सप्टेंबर 1969 रोजी राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली. पुढे ईश्वरभाई पटेल समितीने 1977 साली समाजोपयोगी उत्पादक कार्याची कल्पना मांडली आणि ती वेळापत्रकात तासिका होऊन बसली. शासन निर्णयांची ही मालिका ज्यांना खोलात जाऊन अभ्यासायची आहे त्यांनी अवश्य अभ्यासावी. नव्या वाचकाने इतके लक्षात ठेवले तरी पुरे की प्रत्येक योजनेच्या कागदावर मुलांच्या पुढाकाराला जागा होती. ती जागा प्रत्यक्षात कुणी भरली, हे प्रत्येक शाळेत जाऊनच पाहावे लागते.

गाइडचेच उदाहरण जवळून पाहू. सहा ते आठ मुलींचा एक संघ. संघाला फुलाचे नाव, एक संघनायिका. मैदानावर त्या दोरीची रीफ गाठ शिकतात : उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. क्रम चुकला की गाठ सुटते, आणि ती का सुटली हे शेजारची मुलगी सांगते, शिक्षिका नव्हे. सगळ्या संघनायिका मिळून ‘कोर्ट ऑफ ऑनर’ बनते. कंपनीचा कार्यक्रम, शिस्तीचे प्रश्न, पैशाचा विनियोग या सभेने ठरवावा आणि गाइड कॅप्टनने सल्लागार म्हणून बसावे, असा मूळ दंडक आहे. ‘खरी कमाई’ या उपक्रमात मुली स्वतः कष्ट करून पैसे मिळवतात. चार पैसे कसे आले आणि कुठे गेले याचा हिशेब ठेवतात. आता एखाद्या शाळेत जाऊन विचारावे : कोर्ट ऑफ ऑनरची शेवटची बैठक कधी झाली? खरी कमाईचे पैसे कशावर खर्च करायचे हे कुणी ठरवले? पुष्कळदा निळा गणवेश, स्कार्फ आणि 26 जानेवारीचे संचलन शिल्लक असते; बैठक गायब असते. शालेय मंत्रिमंडळांचे जे झाले तेच इथेही झालेले असते. एवढ्या एका चौकशीवरही एखादी विद्यार्थिनी उत्तम लघुप्रबंध लिहू शकेल.

मुलींच्या शाळेत हा प्रश्न अधिक टोकदार का होतो, हे आता सांगायला हवे. मुलीला सेवा शिकवावी लागत नाही. पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे, आजारी आजीच्या उशाशी बसणे ती शाळेत येण्याआधीच करत असते. रोवणीच्या दिवसांत मोठ्या वर्गांची हजेरी रोडावते, कारण धानाचे पऱ्हे (रोपे) खणायला आणि रोवायला घरात हात कमी पडतात. अशा मुलीला शाळेत पुन्हा अंगण झाडायला, पाहुण्यांसाठी रांगोळी काढायला आणि ओवाळायला आरतीचे ताट घेऊन उभे राहायला लावले, तर ती नवे काय शिकली? घरातली कामाची विभागणी शाळेच्या शिक्क्यानिशी पक्की झाली, इतकेच. दुसरीकडे, नेतृत्व म्हणून छातीवर बिल्ला लावला पण निर्णय एकही दिला नाही, तर तो बिल्ला शोभेचा. सेवेला निर्णयाचा अधिकार जोडला तरच ती शिक्षण ठरते आणि नेतृत्वाला कष्टाची जोड दिली तरच ते खरे ठरते. मुलींच्या शाळेत या दोन गोष्टींचा अभ्यास वेगवेगळा करता येत नाही, हे या प्रस्तावनेचे मुख्य म्हणणे आहे.

हे मोजायला एक साधन उपलब्ध आहे. रॉजर हार्ट या अभ्यासकाने 1992 साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 साली नागरिकांच्या सहभागासाठी केलेल्या शिडीवर ती बेतलेली आहे. हार्ट यांच्या मते खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते सामील करणे, यांना सहभाग म्हणताच येत नाही. त्यावर चढत गेले की मुलांना माहिती देऊन काम सोपवणे, त्यांचा सल्ला घेणे, त्यांच्यासह निर्णय घेणे अशा पायऱ्या येतात. स्वागतगीत, आरतीचे ताट, फलक धरून उभी असलेली रांग : आपल्या शाळांच्या छायाचित्रांतील बराच भाग खालच्या तीन पायऱ्यांवरच मावतो. या शिडीवरही आक्षेप आहेत. प्रत्येक काम सर्वांत वरच्या पायरीवर नेण्याची गरज नसते. सहावीच्या मुलीला आणि बारावीच्या मुलीला एकच माप लावता येत नाही. तरीही सुरुवात करायला ती चांगली आहे.

भंडाऱ्यात अशा अभ्यासाला विषयांची वाण नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या भागात तलाव आणि बोड्या (छोटे तलाव) बांधल्या. मालगुजारी गेल्यावर, 1950च्या कायद्यानंतर, ते माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. गाळ साचला, बेशरम ही रानवनस्पती माजली, मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला सोबत घेऊन तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले आहे. शाळेने यातून शिकण्यासारखे म्हणजे कामाआधीची विचारपूस. आठवीच्या मुलींनी आपल्या गावची बोडी पाहायला जावे. पाळीवर चालत पाणी सोडण्याचे तोंड कुठे, सांडवा कुठे, कुठल्या बांध्यांना पाणी मिळते आणि कुठल्या कोरड्या राहतात याचा नकाशा काढावा. म्हाताऱ्या माणसांना जुन्या माशांची नावे विचारावीत आणि झाडीबोलीतली नावे आहेत तशीच लिहून घ्यावीत. मग पाळीवर झाडे लावायची की बेशरम काढायची की ग्रामपंचायतीला पत्र लिहायचे, हे मुलींनी ठरवावे. तयार खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढणे आणि हे काम, यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पाण्याचा दुसरा प्रश्न शहराच्या उंबरठ्यावर आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते; गोसेखुर्द धरणाचे पाणी मागे चढते आणि भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत या सांडपाण्याचा त्रास पोहोचतो. ऑगस्ट 2020च्या अखेरीस याच वैनगंगेच्या पुराने शहरातील वस्त्या आणि काठची गावे पाण्यात गेली. पूर कुठपर्यंत आला होता, कोणत्या घरांत वृद्ध किंवा गरोदर स्त्रिया आहेत, उंचावर सुरक्षित जागा कोणती, याचा वस्तीचा नकाशा दहावीच्या मुली करू शकतात. त्या मुलींना तलाठी कार्यालयात आणि नगरपालिकेत स्वतः बोलायला मिळाले, तर नागरिकशास्त्राचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

तिसरा विषय नाजूक आहे : सिकलसेल. विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. शाळेतल्या मुलींनी ही माहिती घराघरांत पोहोचवणे मोलाचे आहे. पण कुणाची तपासणी काय आली हे वहीत नावानिशी लिहिले, तर उद्या एखादीचे लग्न त्या वहीवरून मोडू शकते. म्हणून या क्षेत्रात नीतीचे नियम शेवटच्या प्रकरणात ढकलायचे नसतात. नाव लिहायचे नाही, पालकांची आणि मुलीची दोघांची संमती घ्यायची, सेवा ज्यांच्यासाठी केली त्यांना ती हवी होती का हे विचारायचे, अंधार पडण्याआधी मुली घरी पोहोचतील अशी वेळ ठरवायची. एसटीच्या शेवटच्या फेरीची वेळ हीसुद्धा संशोधनाच्या आराखड्यात येते.

साधने कोणती? शाळेची सूचनावही, शेरेबुक, बैठकांची इतिवृत्ते, वार्षिकांक, छायाचित्रे आणि माजी विद्यार्थिनींच्या मुलाखती. सूचनावहीत क्रियापदांकडे लक्ष द्यावे : मुलींनी ‘उपस्थित राहावे’ असे किती वेळा येते आणि मुलींनी ‘ठरवले’ असे किती वेळा? छायाचित्रात माइक कुणाच्या हातात आहे ते पाहावे. मुलाखतींसाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) हे पुस्तक आधी वाचावे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना घरी जाऊन भेटून, त्यांच्या तोंडून इतिहास गोळा करण्याचा तो वस्तुपाठ आहे. कागदात जे नाही ते माणसांजवळ असते, हे त्यावरून कळते.

या अभ्यासावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, अभ्यासक्रमच पुरा होत नाही, हे कुठे करायचे? हा आक्षेप खोटा नाही. एकाच शिक्षिकेकडे तीन विषय, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे असतात. म्हणूनच दहा उपक्रमांऐवजी वर्षाला एकच, मुलींनी निवडलेला आणि शेवटाला नेलेला उपक्रम अधिक मोलाचा. दुसरा आक्षेप असा की आता मुला-मुलींनी एकत्र शिकावे, मुलींच्या वेगळ्या शाळेचा अभ्यास कशाला? एकत्र शाळा असाव्यातच. पण जिथे घंटेपासून माइकपर्यंत प्रत्येक काम मुलीलाच करायचे असते, तिथे मुलगी काय करू शकते हे आडकाठीविना दिसते. ते दिसले की एकत्र शाळेत उपनेत्याची जागा मुलीसाठीच का राखून ठेवलेली असते, हा प्रश्नही विचारता येतो.

या सगळ्याचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. महाराष्ट्रात 2011पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना 50 टक्के आरक्षण आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक 21व्या वर्षी लढवता येते. म्हणजे आज दहावीत असलेली मुलगी पाच-सहा वर्षांत सरपंच होऊ शकते. तिच्या वतीने नवरा किंवा सासरा कारभार पाहणार की ती स्वतः ग्रामसभेत उभी राहून हिशेब वाचणार, हे बऱ्याच अंशी तिला शाळेत हिशेब वाचायला मिळाला होता का यावर अवलंबून आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि महाराष्ट्रात तिथे विद्यार्थ्यांनाही प्रतिनिधित्व आहे. त्या खुर्चीवर बसलेली मुलगी बोलते का, हे पाहायला तर लांब जावेच लागत नाही.

वाचकाला विनंती एकच. आपल्या जवळच्या मुलींच्या शाळेत जा, मुख्याध्यापिकांची परवानगी घ्या आणि गेल्या तीन वर्षांची सूचनावही मागा. एक कोरा कागद घेऊन त्याचे दोन रकाने करा. एकात मुलींनी केलेली कामे लिहा, दुसऱ्यात ती कुणी ठरवली ते लिहा. मग तो कागद शाळेच्या मंत्रिमंडळातल्या मुलींपुढे ठेवा आणि पुढच्या वर्षीचा उपक्रम त्यांना ठरवू द्या.